आधी अंथरूण, मग छप्पर: रानातल्या निवाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आमच्या मुळशीकडच्या राखणीच्या खोपीवर लिहिलं होतं. भात पोटरीत आलं की रानडुकरं हाकायला बांधावर चार मेढींची, म्हणजे खांबांची, तात्पुरती खोप उभी राहते, ती कशी बांधतात एवढाच विषय होता. पत्रं मात्र बहुतेक एकाच अंगाने आली: रानात अडकलो तर असं काही आपल्याला बांधता येईल का? त्यातली काही इथे घेतली आहेत. एक-दोन उत्तरं लांबली आहेत. जिवाशी गाठ असलेला विषय आहे, म्हणून लांबू दिली.

प्रश्न: ताई, मी बदलापूरला राहतो, अकरावीत आहे. परदेशातले सर्व्हायव्हलचे व्हिडिओ मी खूप बघतो. त्यात एक माणूस लांब दांडा दोन काटक्यांवर टेकवतो, दोन्ही बाजूंनी फांद्या लावतो, वर ढीगभर पालापाचोळा टाकतो आणि आत शिरून झोपतो. थंडी लागत नाही म्हणतो. जुलैत मित्राबरोबर इथल्याच डोंगरात असं करायचं ठरवलंय. सागाची पानं भरपूर आहेत. जमेल ना?

उत्तर: जुलैत जमणार नाही. पण तुझी हौस मला मोडायची नाही, म्हणून का जमणार नाही ते नीट सांगते.

तू बघितलास तो प्रकार खरा आहे. पण तो ओक, मेपल, बीच अशा झाडांच्या थंड मुलखातला. तिकडे थंडीच्या तोंडावर पानगळ होते, म्हणजे पाला आणि गारठा एकाच वेळी हाताशी येतात. माणूस अंगापुरतीच खोप करतो आणि चहूबाजूंनी दोन-तीन फूट जाड पाला रचतो. पाल्यात अडकलेली हवा हलत नाही, त्यामुळे अंगाची ऊब आतच राहते. गोधडीचं काम तो पाला करतो. मात्र तो कोरडा असायला हवा, सगळं त्यावर आहे.

आता जुलैतला तुझा डोंगर डोळ्यांसमोर आण. साग पानं टाकतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला. जुलैपर्यंत ती पावसात भिजून काळी पडलेली असतात. उचलायला जावं तर हातात नुसती जाळी येते. ओल्या पाल्यात हवेच्या जागी पाणी बसतं, आणि पाणी अंगाची ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट सहज ओढून नेतं. असा पाला अंगावर घेऊन झोपलास तर तो तुला रात्रभर गारच करत राहील. वर पाऊस आहेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुझ्याकडे तितका नसेल, पण पाल्याचा ढीग बसवायला त्याच्या निम्माही पुरतो. आणि थंडी म्हणजे बर्फच, असं समजू नकोस. अंगाचं तापमान 37 अंशांवरून 35 च्या खाली उतरलं की माणूस धोक्यात आला. भिजलेले कपडे आणि वारा असेल तर बाहेर दहा-पंधरा अंश असतानाही हे होतं.

दुसरी गोष्ट पाण्याहून वाईट. आपल्या रानात पाला म्हणजे कुणाचं तरी घर असतं. घोणस पाल्यात पडून राहते आणि पाल्याच्याच रंगाची असते. फुरसं दगडाखाली, कपारीत. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. डोळ्यांना न दिसणारे चिगर किडेही गवता-पाल्यातच असतात, त्यांच्यापासून स्क्रब टायफसचा ताप येतो. अशा जागी तोंडापर्यंत पाला ओढून घेऊन झोपायचं?

म्हणून आपल्याकडच्या खोपीची रचना वेगळी आहे. तिच्यात जीव असतो तो माचेत. जमिनीपासून गुडघाभर तरी वर अंथरूण, त्यावर उतरतं छप्पर, आणि बाजू बहुतेक उघड्या. आमचे आबा राखणीची खोप करायचे तेव्हा छपराला हात लावायच्या आधी माच पुरी करायचे. चार दुबेळकी, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेले, खुंट ठोकायचे, त्यावर दोन लांब दांडे ठेवायचे, दांड्यांवर कारवीच्या काठ्या बोटाला बोट लावून आडव्या बांधायच्या. मग स्वतः वर आडवे होऊन या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे. कुठे करकरलं की खाली उतरून तिथला बंध पुन्हा आवळायचा. समाधान झालं की वर वीतभर गवत. तळव्याने जोर देऊन दाबायचं. काठी हाताला लागली तर गवत कमी आहे. जमीन पाठीमागून जितकी ऊब नेते तितकी वरची हवा नेत नाही, हे त्यांना शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. बांधावरच्या रात्रींनी शिकवलं.

जागेचंही ऐक. पावसाळ्यात डोंगराच्या पायाशी, तासलेल्या उताराखाली, ओढ्याच्या काठी मुक्काम करायचा नाही. माळीण 2014 साली, तळिये 2021 साली, इर्शाळवाडी 2023 साली, तिन्ही वस्त्या जुलैतच दरडीखाली गेल्या. वर्षानुवर्षं तिथे राहणारी माणसं होती ती, डोंगर जाणणारी. तू तर पाहुणा.

मग करायचं काय? डिसेंबरची सुट्टी धर. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या भात कापलेल्या खाचरात जा आणि पहिल्या खेपेला फक्त माच बांध, छप्पर नको. तिच्यावर मच्छरदाणी लावून एक रात्र काढ. बंध ढिले झाले, काठ्या पाठीला टोचल्या, मध्यरात्री खालून गार वारा लागला, हे सगळं आपोआप कळेल. मग छपराचं पत्र लिही, मी वाट बघते.

प्रश्न: मी चिंचवडची गृहिणी. गेल्या डिसेंबरात एका ग्रुपबरोबर गडावर गेलो होतो. उतरताना अंधार पडला आणि वाट चुकली. पुढारी म्हणाले, थांबायचं नाही, मोबाइलच्या उजेडात उतरू. एक काकू घसरल्या, पाय मुरगळला, खाली पोचायला मध्यरात्र उलटली. मला सारखं वाटतं, तिथेच थांबून फांद्यांचा आडोसा केला असता तर? की तेही चुकीचं ठरलं असतं?

उत्तर: थांबायला हवं होतं. फांद्यांचा आडोसा मात्र करायला नको होता.

थांबायचं का, ते सह्याद्रीच्या घडणीतच आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा डोंगर झालाय. त्यामुळे तो सरळ उतरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो: कडा, मग झाडीचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. खऱ्या वाटेला कड्यातून उतरायची एखादीच नाळ (कड्यातली घळ) किंवा सोंड (उतरती धार) माहीत असते. चुकीची वाट, म्हणजे बहुतेक वेळा एखादी ढोरवाट, पदरावरून मजेत चालवत नेते आणि कड्याच्या टोकाला संपते. दिवसा ते दिसतं. अंधारात पाय पुढे पडल्यावर समजतं. तुम्ही सगळे घरी पोचलात याचा मला खरंच आनंद आहे.

वाट हरवली हे ज्या क्षणी कळलं, तिथून मागे शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत जायचं, आणि उजेड अर्धा तास उरला असेल तेव्हाच बसकण ठरवायची. ओढ्यात नाही, कारण रात्री गार हवा उतारावरून वाहत खाली साचते. खिंडीत नाही, तिथे वारा कोंडून अंगावर येतो. पदरावर, मोठ्या दगडाच्या किंवा सोंडेच्या आडोशाला, कड्याच्या धारेपासून चांगलं लांब. वर सुटे दगड लोंबकळत नाहीत ना, तेवढं बघा. कपार मिळाली तर उत्तम, पण आत जाण्याआधी विजेरीने नीट पाहा: साळिंदराचे काटे, हाडं, ताजी विष्ठा, उग्र वास असेल तर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे. वर आग्या मोहोळ असेल तर तिथे थांबूच नका, उजेड मारत बसू नका आणि धूर तर मुळीच नको.

मग पहिलं काम कपड्यांचं. घामाने भिजलेला सदरा काढून कोरडा घाला, दोन असतील तर दोन. दुसरं काम बुडाखालचं: सॅक, दोर, चपला, जे असेल ते अंथरा. डिसेंबरात आपल्या पठारांवर कमरेएवढं वाळलेलं गवत असतं, आणि निसर्गाने दिलेल्या सामग्रीत त्या महिन्यात त्याच्या तोडीचं काही नाही. ते हाताने उपटायचं, झटकायचं, वीतभर थर करायचा. एवढंच की त्यात कुसळी असते. तिची कुसळं कापडातून आत घुसतात आणि रात्रभर टोचतात, म्हणून वर रेनकोट किंवा प्लॅस्टिक उलटं पसरा. तेवढा अर्धा तास गवतावर घालवा. छपरासाठी फांद्या तोडत बसलात तर घाम येईल, घामाने पुन्हा भिजाल, आणि डिसेंबरात वरून पाऊस सहसा पडत नाही. अंधारात दगड उचलून भिंत रचायच्याही भानगडीत पडू नका, दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं.

सगळ्यांनी पाठीला पाठ लावून बसायचं. ज्याला सर्वांत जास्त थंडी वाजते तो मध्ये. थंडीने कुडकुडणारं माणूस अचानक कुडकुडायचं थांबलं आणि बोलणं अडखळायला लागलं तर ते बरं झालेलं नसतं, त्याला आणखी ऊब हवी आहे. 112 ला फोन लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर तो लागू शकतो. शिट्टी असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. शेकोटी नको. त्या कोरड्या गवतात एक ठिणगी पडली तर वणवा उतारावरून माणसाहून वेगाने वर चढतो.

आणि पुढच्या वेळी सॅकच्या तळाला दोन मीटर बाय तीन मीटरचा जाड प्लॅस्टिकचा कागद ठेवा. नैसर्गिक निवाऱ्यावर मी इतकं लिहिते, तरी हेही तितक्याच मनापासून सांगते. भिजल्या रात्री तो कागद जे करतो ते तासाभरात पानांनी कुणालाही करता येणार नाही.

प्रश्न: मी कुडाळ तालुक्यात शिक्षक आहे. आठवीच्या मुलांकडून शाळेच्या आवारात खरीखुरी खोप बांधून घ्यायची आहे, देखावा नको. बांबू, माडाची चुडतं, पेंढा आणि गवत गावातून मिळेल. सुरुवात कुठून करू? मुलं बांधतील ती पावसात टिकेल का?

उत्तर: सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. तुमच्याकडे सामग्रीची श्रीमंती आहे, आणि घरात एखादे आजोबा-आजी असे नक्की असतील ज्यांनी शाकारणी, म्हणजे गवताने छप्पर झाकायचं काम, स्वतःच्या हाताने केली आहे. त्यांना पहिल्या दिवशीच बोलवा. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांचा हात जास्त शिकवेल.

काम भात झोडून झाल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत घ्या. पेंढा ताजा असतो, गवत वाळलेलं असतं, जमीन खणता येते. बांबू तुमच्याकडचा माणगाच घ्या, तो भरीव असतो, मेढीला आणि वाशाला दोन्हीला चालतो. बेटातला तीन वर्षांच्या पुढचा निवडायचा. कोवळा हिरवागार दिसतो पण वाळला की सुरकुततो आणि कीड त्यालाच आधी धरते. ती कीड बांबूतल्या पिठासाठी येते. म्हणून तोडलेले बांबू दोन-तीन आठवडे वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा, बरंचसं पीठ पाण्यात निघून जातं. मुलांना हे दाखवाच, बाहेर काढल्यावर येणारा वास ती विसरणार नाहीत. परवानगीची काळजी करू नका: 2017 साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून वनाबाहेरच्या, म्हणजे खाजगी जमिनीतल्या, बांबूला भारतीय वन कायद्यात झाड धरत नाहीत. बांबूकामाच्या शंका असतील तर तुमच्या कुडाळातच कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, तिथे जाऊन विचारता येईल.

जागा माडाखाली नको. सावलीच्या मोहाने लोक तिथेच उभी करतात आणि नारळ पडतो. थोडा उतार असलेली, पाणी न साचणारी जागा बघा. मुलांना आदल्या पावसातलं विचारा, कुठे डबकं होतं ते त्यांना बिनचूक माहीत असतं.

मापं लहान ठेवा. आत चार मुलं बसतील, दोन झोपतील एवढीच. मेढी हातभर खोल गाडा, बुडाशी दगड ठोकून माती धुमसा. मेढीच्या बेळक्यात आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचा आडवा दांडा, बसवायचं. आढ्यापासून दोन्ही बाजूंनी उतरते वासे. उतार किती ठेवायचा हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे: आढं जितकं उंच, तितकंच वाशाचं बूड आडवं बाहेर, याहून सपाट होऊ देऊ नका. गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाणी पुढच्या काडीकडे सोपवत राहतं. उतार कमी झाला की काडीवरून घसरण्याऐवजी ते खाली ठिबकतं. वाशांवर आडव्या कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरफळ्या, वीतभर अंतराने बांधा.

बांधायला सुंभ विकत मिळेल, पण एक दिवस मुलांना मुरुडशेंगेच्या सालीची दोरी वळायला लावा. हे झुडूप तुमच्याकडे बांधाबांधावर असतं, शेंगा पीळ घातलेल्या असतात, काही ठिकाणी त्याला केवण म्हणतात. अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी छाटायची, बुडाला चीर देऊन साल वर ओढायची, ती लांबलचक पट्टीने सुटते. वरची खरबरीत साल खरवडून टाकायची, आतली चिवट राहते. पट्टीला मधोमध धरायचं, दोन्ही पदर उजवीकडे पिळायचे, आणि पिळता पिळता उजवा पदर डाव्यावरून पलीकडे टाकायचा. तो पलीकडे गेला की दुसरा उजवा होतो. त्याला पीळ, पुन्हा पलीकडे. चार बोटं दोरी झाली की हात सोडून पाहायला सांगा. ती उलगडत नाही, कारण एक पीळ दुसऱ्याला धरून ठेवतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघा, सर. मात्र ओल्या सालीने बांधलेला बंध वाळला की आकसतो आणि सैल पडतो. आठवड्याने सगळे बंध पुन्हा तपासायचे, किंवा साल आधी वाळवून, बांधताना फक्त ओली करून घ्यायची.

शाकारणी नेहमी खालून वर. पहिला थर वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, कामटीच्या बाहेर वीतभर लोंबता. दुसरा थर त्याच्यावर असा की खालचा दोन तृतीयांश झाकला जाईल. असं करत आढ्यापर्यंत, आणि आढ्यावर गवताच्या जुड्या दोन्हीकडे दुमडून वरून कामटीने दाबायच्या. पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं, म्हणून तिथे कंजूषपणा नको. नुसता पेंढा पावसात लवकर कुजतो. तो खाली, उन्हात वाळलेलं डोंगरी गवत वर. चुडतं विणलेली असतील तर पाखांपेक्षा, म्हणजे छपराच्या उतारांपेक्षा, बाजूंना लावा, पावसाची झड ती छान अडवतात. पश्चिम-नैऋत्येची बाजू पूर्ण बंद करा, दार ईशान्येला. पावसाळी वारा कुठून येतो हे मुलांना सांगावं लागणार नाही. सागाची पानं वापरायची झाली तर सकाळी दव असताना गोळा करा, दुपारी उचलाल तर हातातच चुरा होतो. देठ कामटीवर अडकवून पान खाली सोडायचं, तेही खालूनच वर.

माच कशी बांधायची ते पहिल्या उत्तरात आलंच आहे, ती आत जरूर करा.

टिकेल का, हे पावसाची वाट न बघता कळतं. एका मुलाला शिडीवर चढवून आढ्यावर झारीने पाणी ओतायला सांगा आणि बाकीच्यांना आत बसवा. जिथे थेंब पडेल तिथे खडूने माचेवर खूण. थेंब पडतो तिथेच वर भोक असतं असं नाही; पाणी वाशावरून घरंगळत खाली येऊन मग पडतं. थेंबापासून वाशाने वर वर जात खरी जागा शोधणं, हे मुलांना पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणाइतकं शिकवून जाईल. नीट केलेली खोप एक पावसाळा काढते. पुढच्या मे महिन्यात वरचा थर बदलावाच लागेल, त्यासाठी तेव्हाच्या आठवीला तयार ठेवा.

एक सूचना कळकळीने. सामान आणायला मुलं रानात गेली तर त्यांना तीन झाडं आधी ओळखायला शिकवा: बिब्बा, खाजकुइली आणि शेर. बिब्ब्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी फोडाने भरते, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, आणि खाजकुइलीच्या शेंगेची लव वाऱ्यानेही अंगावर येते. कोयता मोठ्यांच्याच हातात.

प्रश्न: तुम्ही गेल्या अंकात लिहिलंत की खोपीसाठी जिवंत झाड तोडू नका. माझे आजोबा पाटणच्या डोंगरात कारवी तोडूनच घराचा कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, करायचे. तेव्हा जंगल आजच्यापेक्षा दाट होतं. हा शहरी कळवळा आम्हाला कशाला शिकवता?

उत्तर: काका, तुमच्या आजोबांना शिकवायची माझी योग्यता नाही. आमच्याही घराचा कूड कारवीचाच होता, वर शेणमातीचा लेप. कारवी फुलते सात-आठ वर्षांतून एकदाच. मुंबईच्या आसपासच्या डोंगरांत 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. फुलून बी धरलं की ती झाडं वाळून जातात. जुनी माणसं तोडणीचा मोठा हात बहुतेक त्या वाळलेल्या कारवीवर मारायची, बी जमिनीत पडून गेलेलं असायचं. एका वाडीची गरज आणि त्या वाडीचं तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहणं, यात एक हिशेब होता. वनहक्क कायदा 2006 साली आला, तो अशा माणसांचा हक्क मानणाराच आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे.

मी लिहिलं ते शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी. त्यांची संख्या आता इतकी आहे की एका वाटेवर प्रत्येकाने दहा काठ्या तोडल्या तर एका हंगामात पदर उघडा पडेल. शिवाय राखीव वनात झाड तोडणं, आग लावणं 1927 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अभयारण्यात 1972 चा वन्यजीव कायदा त्याहून कडक आहे. तुमच्या पाटणचं कोयना अभयारण्य तर 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. सरावासाठी शेतातली सामग्री मुबलक असताना रानाला हात का लावायचा? खरोखर जीव जायची वेळ आली, सोबतचं माणूस गारठतंय, तर मात्र समोर दिसेल ती फांदी तोडा. तिथे मी कुणाला थांबवणार नाही.

प्रश्न: माझी मुलगी उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जाते आहे. तिकडे बर्फात गुहा खणून राहायलाही शिकवतात असं ती म्हणते. बर्फाच्या आत माणूस गोठत नाही? गुदमरत नाही? आम्ही नाशिकची माणसं, मला रात्र रात्र झोप नाही.

उत्तर: ताई, काळजी वाटणारच. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून हे शिकवते आहे, आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली तिथून शिकून आली. प्रशिक्षक सोबत असतात, हे आधी लक्षात घ्या.

बर्फात गोठत नाही, कारण भुसभुशीत बर्फातही हवाच अडकलेली असते. बाहेर उणे पंधरा असलं तरी चांगल्या गुहेत पारा शून्याच्या आसपास राहतो, आणि वारा अजिबात लागत नाही. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे गार हवा जड असल्यामुळे खाली दाराकडे उतरते आणि ऊब वर राहते. छत घुमटासारखं गुळगुळीत करतात, नाहीतर प्रत्येक टोकावरून पाणी टपकतं. अंगाखाली मॅट हवीच, जमिनीबद्दल वर लिहिलं तेच बर्फालाही लागू आहे.

गुदमरण्याची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपाय ठरलेला आहे. छताला मुठीएवढं आरपार भोक पाडतात. आत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, म्हणून स्वयंपाक शक्यतो बाहेर किंवा अगदी दाराशी.

खणताना कपडे आतून घामाने आणि बाहेरून बर्फाने भिजतात. तिला कोरडे मोजे, हातमोजे आणि आतला सदरा असा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून द्या, तो खणून झाल्यावरच उघडायचा. आणि रात्री बर्फ पडत असेल तर ते भोक बुजलं नाही ना, हे बघायची पाळी कुणाची, ते झोपण्याआधी ठरवून घ्यायला सांगा.